थांब गा, विचारून सांगते

कोणतीही गोष्ट विचारा, रिबकाआत्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: "थांब गा, विचारून सांगते." कोणाला, हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नसे. ती चष्मा शोधायची, आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि आम्ही बाहेर ताटकळत बसायचो. माझं अर्धं आयुष्य त्या लोटलेल्या दाराकडे बघण्यात गेलं म्हणा ना!

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नागपुरात आमच्याकडेच राहायला आली. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत. आत्या रोज तारखेप्रमाणे एक वाचायची. पाच तारखेला पाचवा, बावीसला बाविसावा. मग डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना, आणि त्यानंतरच काय तो निर्णय. "माणसाले अक्कल मागतली तर तो पयले चार गोष्टी सुनावते," ती म्हणायची. "देव सुनावत नाही. मागतली का देते."

एकदा ऐन मे महिन्यात कूलर जळाला. दुकानात जायला मी तयार, रिक्षा दारात, आणि बाई विचारायला आत गेल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. घर नुसतं भाजून निघत होतं. शेवटी मी ओरडलो, "आत्या, देवाला कूलरमधलं काय कळतं?"

"तुले कळते काय? जळाला तो कोनं आनला होता?"

मीच आणला होता. कपाळ माझं!

पण खरा संताप आला तो बाबांच्या आजारपणात. बाबा धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी घेऊन जा. हे बाबांना सांगायचं कोणी? खापरखेड्याच्या वीजकेंद्रात उभा जन्म काढलेला तो माणूस. फसवलेलं त्यांना कधी खपलं नाही. रोज विचारायचे, "अनिल, खरं काय ते सांग." मी रोज म्हणायचो, रिपोर्ट यायचेत. शेवटी आत्याच्या हातापाया पडलो, तूच सांग.

"थांब गा, विचारून सांगते."

एक नाही, दोन नाही, चार दिवस! इकडे बाबा माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि ही बाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसलेली. चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. तिच्या मांडीवरचं शास्त्र ओढून घेतलं. "दाखव, यात कुठे लिहिलंय चार दिवस लावा म्हणून!" त्या दिवशी तारीख एकोणतीस, एकोणतिसावा अध्याय उघडाच होता. मी तणतणत मोठ्याने वाचत सुटलो आणि बोलायला उतावीळ असलेल्यापेक्षा मूर्खाबद्दल आशा अधिक, अशा अर्थाच्या ओळीवर येऊन अडकलो.

"वाच ना गा," आत्या म्हणाली. "काहून थांबला?"

असा राग आला होता म्हणून सांगू!

त्याच दुपारी ती बाबांच्या खाटेवर बसली. त्यांचा हात हातात घेतला. "शमू, डॉक्टर घरी जा म्हनून राहिले. त्यायच्या हातात होतं तेवढं त्यायनं केलं. मी हाय तुह्याजवळ. घरी गेल्यावर काय खाशील, सांग."

बाबांनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांबारवडी कर वं ताई. पन तिखट कर."

मी बाहेर जाऊन रडून घेतलं. बाबा त्यानंतर तीन आठवडे जगले. रोज आत्याशी भांडून कोथिंबिरीच्या त्या तिखट वड्या खाल्ल्या, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात कोणीच कोणाशी खोटं बोललं नाही.

नंतर मी तिला छेडलंच, "एवढंसं बोलायला चार दिवस?"

"सांगायचं हाय, हे मले पयल्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "कसं सांगू, ते मागून राहिली होती. पयल्या दिवशी गेली असती तर मीच रडली असती, अन् त्या बिचाऱ्यालेच मले समजवा लागलं असतं."

एवढं ऐकून मी शहाणा झालो असेन असं वाटत असेल, तर तसं काही नाही. पुढेही तिचं दार लोटलं की माझं पित्त खवळायचंच. मुलीचं कॉलेज निवडताना तर मी तीन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

यंदाच्या हिवाळ्यात आत्याच त्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मला तसंच बाहेर बोलावलं आणि जवळपास तेच सांगितलं. मी आत आलो. आत्या उशीला टेकून माझीच वाट बघत होती.

"काय म्हने गा डॉक्टर?"

मी तोंड उघडलं. रिपोर्ट यायचेत, हे शब्द अगदी ओठांवर होते.

"थांब आत्या," मी म्हणालो, "विचारून सांगतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं. उशीखाली हात घालून तिने शास्त्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"विचार," ती म्हणाली. "पन माह्यासारखे चार दिवस नको लावू गा."