लग्नाच्या कॅमेऱ्यातला आमचा गोल

फायनलच्या दिवशी सकाळी टेम्पोत चढता चढता भाईजान म्हणाले, "भाऊ, यंदा बी रेफरीनं हरवलं तं टीम बंद. मले आता होत नाही."

भाईजान म्हणजे आमच्या वरवट बकालचे सायकल दुरुस्तीवाले. गावची फुटबॉल टीम बारा वर्षं त्यांनीच चालवली. माझं कृषी केंद्र आहे; टीमचे कागद मी सांभाळायचो. खेळाडूंची यादी, आधारच्या झेरॉक्स, प्रवेश अर्ज, आणि एक वेगळी वही. तिच्यात आमच्याविरुद्ध गेलेले चुकीचे निर्णय. स्पर्धा शेजारच्या तालुक्यात, आणि रेफरी यजमान टीमचेच जुने खेळाडू, त्यामुळे वही भरत गेली. नसलेला ऑफसाइड. गोलसमोर आमचा पोरगा पाडला, शिट्टी नाही. आमच्या बाजूनं झालेल्या चुकांसाठी मी रकाना आखला नव्हता, हेही खरं.

यंदा ती वही मी स्पर्धा समितीच्या बैठकीत वाचून दाखवली आणि व्हिडिओ मागितला. परदेशातले सामने आम्ही मोबाइलवर बघतो. तिथं चित्र थांबवून, रेषा ओढून गोल तपासतात आणि लोक तरीही आठवडाभर भांडतात. पण भांडायला निदान चित्र असतं. समिती कंटाळून हो म्हणाली. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा ठरला. मी सात मुद्दे लिहून दिले: उंच टेबल, दोन बॅटऱ्या, उन्हासाठी छत्री, वाद झाला तर रेफरी आणि दोन्ही कप्तानांनी मिळून बघायचं, वगैरे.

शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल नव्हता. आम्हाला कॉर्नर मिळाला. आमच्या उंच पोरानं डोकं लावलं, बॉल वरच्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला आणि त्यांच्या गोलकीपरनं तो बाहेर ओढला. मी बरोबर रेषेत उभा होतो. रेफरीनं हात हलवला. गोल नाही.

"व्हिडिओ!" भाईजान ओरडले.

सगळे टेबलाभोवती जमले. पडद्यावर ऊन पडत होतं म्हणून कुणीतरी दुपट्टा धरला. कॉर्नर दिसला, बॉल वर गेला, आणि चित्र अलगद डावीकडं सरकलं. मंडपात प्रमुख पाहुणे येत होते. हार, नमस्कार, मग पाहुण्यांचा हसरा चेहरा जवळून. मागं आमच्या पोरांचा "गोल!" असा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"काऊन बे, इकडं काऊन फिरवला?" भाईजान.

"पाहुणे आले ना, चाचा. लग्नात मामा सुटला तं घरचे जनमभर बोलते," कॅमेरावाला म्हणाला.

"इथं कोनाचं लग्न लागून राह्यलं होतं?"

लोक हसले. रेफरीही हसला. "पुरावा नाही. पहिला निर्णय कायम," म्हणाला. दोन मिनिटांत समोरच्या टीमनं गोल केला. तो स्वच्छ होता.

परतताना टेम्पोत मी म्हणालो, "चूक माझी. कॅमेरा बॉलवर ठेवायचा, हे लिहायचंच राहिलं. पुढच्या वर्षी आठवा मुद्दा टाकतो."

"टाका. मंग ते नववं काही तरी काढतीन." भाईजान चिडलेले नव्हते. चिडले असते तर मी समजूत घातली असती.

आठवड्यानं त्यांनी दुकानात बोलावलं. जर्सी धुऊन घड्या करून ठेवल्या होत्या. मी यादी काढली आणि एकेकाला बोलावून दिल्या. पंधरा जर्सी, पंधरा खुणा. पोरांना वाटलं, बक्षीस आहे. प्रवेश अर्जाचा कोरा नमुना माझ्या फायलीत होता. भाईजाननं तो मागितला नाही, मीही काढला नाही.

परवा सात नंबरची जर्सी दिसली. तो पोरगा ती घालून कपाशीवर फवारणी करत होता.