डावी अर्धी, उजवी अर्धी

त्यांना सगळे अर्धेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव चांगलं ऐसपैस होतं, पण परदेशात आपल्याकडची जी चार माणसं आसपास राहायची, त्यांनी काकांचं बारसं नव्यानं केलं होतं आणि काकांनीही ते हसून चालवून घेतलं होतं. कारण नाव खोटं नव्हतं. काका जुन्या नोटा जमवायचे, आणि त्यासुद्धा अर्ध्या. अख्खी एकही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा कसला शौक? त्यांची बायकोही तेच म्हणायची. पण ऐका तर खरं.

काका काचेच्या कारखान्यात कामाला. खिडक्यांच्या, दारांच्या, कपाटांच्या काचा मापानं कापायच्या आणि लोकांच्या घरी जाऊन बसवायच्या. लांबलचक टेबल, त्यावर अंथरलेली जाड घोंगडी, हातात रॉकेलमध्ये बुडवलेली, काच कापायची हिरकणी. एक रेघ, खालून हलकी टिचकी, की काच दोन तुकडे होऊन मुकाट्यानं वेगळी होणार. हात असा बसलेला की मुकादम त्यांच्या टेबलाकडे फिरकायचासुद्धा नाही. पगार मात्र बेताचा. घरभाडं, मुलीचं शिक्षण, गावाकडे पाठवायचे ते, सगळं जाऊन हातात उरायचं ते चहापाण्यापुरतं.

लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर मायदेशी गेले, तेव्हा एका बोळातल्या दुकानात त्यांनी आपल्या मुलखाची खूप जुनी नोट पाहिली. एकाच बाजूला छापलेली, हातरुमालाएवढी मोठी, खाली साहेबानं बोरूनं केलेली खरीखुरी सही. काका बघतच राहिले. असं काही कागदाचं असू शकतं, आणि ते एवढी वर्षं टिकू शकतं, हेच त्यांना खरं वाटेना. भीत भीत किंमत विचारली आणि तोंड एवढंसं झालं. तेवढ्या पैशांत त्यांचं सहा महिन्यांचं घरभाडं भागलं असतं.

दुकानदाराला दया आली असावी. त्यानं टेबलाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढला आणि म्हणाला, यातलं बघा परवडतंय का. डब्यात नोटांचे नुसते अर्धे तुकडे. कात्रीनं मधोमध कापलेले.

दुकानदारानं मग सगळं समजावून सांगितलं. जुन्या काळी मोठी नोट टपालानं पाठवायची म्हणजे जिवाला घोर. वाटेत चोर आहेत, पूर आहेत, बुडणारी जहाजं आहेत. म्हणून लोक नोट मधोमध कापायचे. एक अर्धी आधी एका टपालानं जायची, दुसरी नंतर दुसऱ्या टपालानं. नंबर दोन्ही टोकांना छापलेला असे, त्यामुळे कुठली कुणाची जोडीदार ते ओळखू यायचं. पलीकडचा माणूस दोन्ही जुळवून, मागून कागदाची पट्टी चिकटवून पैसे मोकळे करून घ्यायचा. एकटी अर्धी चोराच्या हाती लागली, तर त्यानं तिचं काय करायचं, चुलीत घालायची! ज्या जोड्या वाटेत फुटल्या त्या मात्र कायमच्याच फुटल्या. त्यांना ना बँक विचारत, ना शौकीन. म्हणून स्वस्त.

काकांनी खिशातले होते नव्हते ते पैसे देऊन पाच तुकडे घेतले. परतीच्या प्रवासात त्यांच्या डोक्यात एकच. एवढी मोठी रक्कम, स्वतःच्या हातानं कापून, ओळखदेख नसलेल्या डाकवाल्याच्या थैलीत टाकून देणारा तो माणूस कसल्या छातीचा असेल? आपण तर शेजाऱ्याला छत्री देताना दहादा विचार करतो.

तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच. दुकानदार, त्या पत्र्याच्या डब्यावरून त्याला काका पेटीवाला म्हणत, अधूनमधून फोनवर फोटो पाठवायचा आणि काका चहाच्या पैशात अर्ध्या घ्यायचे. टपालाचा खर्च नोटेहून जास्त, पण त्याला इलाज नव्हता. कारखान्यातल्या टाकाऊ काचेचे दोन दोन तुकडे घेऊन काका त्यांच्यामध्ये एकेक अर्धी ठेवत, कडांना पट्टी लावत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगत. सकाळचं ऊन आलं की कागदाच्या पोटातली, कागद बनवतानाच उमटवलेली पाण्याची खूण उजळायची. बारीक नागमोडी रेघा, कापलेल्या कडेपर्यंत येऊन थांबलेल्या. काका चहाचा कप हातात धरून बघत राहायचे आणि चहा गार व्हायचा.

“लोकांच्या खिडकीला पडदे असतात,” बायको म्हणायची, “आमच्याकडे नोटांच्या चिंध्या.”

त्यात एक उजवी अर्धी काकांची फार लाडकी. तिची कड सरळ नव्हती. कापणाऱ्याचा हात मध्येच थरथरला असावा, तिथे पायरीसारखी एक खाच पडली होती. त्याला काय वाटलं असेल त्या क्षणी, काका पुन्हा पुन्हा विचार करत. तिचा नंबर त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

आणि एक दिवस, काच कापता कापता फोन वाजला. पेटीवाल्यानं फोटो पाठवला होता. डावी अर्धी, कडेला पायरीसारखी खाच, आणि नंबर तोच. काकांच्या हातातली काच वाकडी तुटली. मुकादमानं पहिल्यांदाच मान वळवून बघितलं.

काकांनी तिथूनच फोन लावला. पेटीवाला म्हणाला, एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या होत्या, नवरा वारलाय, त्याच्या वस्तू आवरताहेत. हिचे किती येतील म्हणून विचारत होत्या. नवऱ्यानंही म्हणे जन्मभर हिची जोडी शोधली. मी काही बोललो नाही. तुम्ही गप्प राहा, मी चहाच्या पैशात काढून देतो. एकदा का बाईंना कळलं की जोडी तुमच्याकडे आहे, मग अख्ख्या नोटेचा भाव लागेल, आणि तो तुम्हाला या जन्मी झेपायचा नाही.

खरं होतं ते. काका दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. गप्प राहिलं की काम फत्ते. पण ज्या माणसानं आपल्यासारखाच जन्मभर हिचा शोध घेतला, त्याच्या मागे त्याच्या बायकोला गुंडाळायचं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पेटीवाल्याकडून त्यांनी बाईंचा नंबर मागून घेतला. तो कपाळावर हात मारत होता ते फोनवरूनही कळलं.

बाईंचा आवाज कोरडा होता. काकांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी नोटेचा नंबर विचारला. काकांनी तो घडाघडा म्हटला.

“आधी तुमची पाठवा,” बाई म्हणाल्या. “खरंच जुळते का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. पुढचं मग.”

घरात एकच गोंधळ. मुलगी आता नोकरीला लागलेली, शहाणीसुरती. ती म्हणाली, बाबा, दोन्ही अर्ध्या एकदा त्यांच्या हातात गेल्या की त्या विकून मोकळ्या होतील, मग बसा हात चोळत. फोटो पाठवा की. पण फोटो बाईंना नको होता. पेटीवाल्यानंही, पाठवू नका म्हणून बजावलं.

काकांनी खिडकीतून ती काच उतरवली, कडेची पट्टी सुरीनं सोडवली आणि अर्धी पातळ कागदात गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाकिटात बंद केली. पोस्टातल्या बाईनं पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत भिरकावलं. काका काउंटरशी उभेच. नजर त्या पिशवीवरून हलेना. ती खाच पाडणारा माणूस आज त्यांना समोर दिसल्यासारखा वाटला. बापरे, असंच वाटलं असेल त्याला. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

मग वाट बघणं. रोज घरी आलं की आधी टपालाची पेटी. पाण्याचं बिल, जाहिराती, पुन्हा जाहिराती. खिडकीत रिकामी काच तशीच टांगलेली, ती काढून ठेवायचं धाडस कुणी केलं नाही.

शेवटी पाकीट आलं. काकांनी ते टेबलावर ठेवून अलगद उघडलं. आत पातळ कागद, आणि कागदात त्यांचीच उजवी अर्धी. दुसरं काही नाही. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, शिवणी उसवल्या, पुठ्ठे हलवून बघितले. काही नाही.

म्हणजे नकार. जशी पाठवली तशी परत. काकांना वाईट वाटलं म्हणजे किती, तर त्यांनी ती अर्धी पुन्हा काचेत ठेवलीसुद्धा नाही, सरळ खणात टाकली. मुलगी म्हणाली, परत तरी आली, नशीब समजा. फोन करून विचारायचं म्हटलं तर काकांचा राग आडवा येई. मी का करू? पोटच्या पोरीसारखी जपलेली वस्तू विश्वासानं पाठवली, त्या बाईला निदान दोन ओळी लिहायला काय झालं होतं? असं मनातल्या मनात भांडत ते दिवस काढत होते. घरात चिडचिड, कारखान्यात चिडचिड. खिडकीकडे बघेनासे झाले. आठवड्यांमागून आठवडे गेले.

एका रविवारी दुपारी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि काका नुसतेच खुर्चीत. ती घड्या घालता घालता म्हणाली, मी काय म्हणते, त्या जुन्या लोकांना पहिली अर्धी नीट पोचली हे कळायचं कसं?

एवढी वर्षं चिंध्या म्हणणारी बायको आज विचारतेय म्हटल्यावर काका थोडे सुखावले आणि मास्तरांच्या थाटात सांगू लागले. “अगं, पलीकडचा पत्र लिहायचा, पोचली म्हणून. ती पोच हातात आल्याशिवाय दुसरी अर्धी घरातून हलवायचीच नाही, असा त्यांचा कडक...”

आणि तिथेच थांबले.

बायकोनं उशीचा अभ्रा झटकला. “मग तुम्ही दिलीत का पोच?”

अर्धं आयुष्य ज्यानं अर्ध्या नोटांत घालवलं, लोकांना पकडपकडून ही गोष्ट ऐकवली, त्याच माणसाच्या घरी साक्षात पहिली अर्धी टपालानं आली, आणि हा गडी तोंड फुगवून बसला. काय म्हणावं! ते उठले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि फोन लावला.

बाईंनी उचलल्या उचलल्या विचारलं, “पोचली का?”

“पोचली,” काका म्हणाले. “कधीच पोचली. माझंच चुकलं हो.”

बाईंनी मोठा श्वास सोडला. म्हणाल्या, मला वाटलं वाटेत गेली कुठेतरी, आता या माणसाला तोंड कसं दाखवू. फोन का नाही केलात म्हणून काकांनी विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या ह्यांनी नियम घालून दिला होता, पोच आल्याशिवाय पुढची हलवायची नाही आणि पाकिटात अवाक्षर लिहायचं नाही, चोराला कळतं. ते म्हणायचे, जोडी ज्याच्याकडे असेल त्याला हे सांगावं लागायचं नाही. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्यांनी घाबरत घाबरत किमतीचं काढलं. आपल्याला जमेल तेवढे हप्त्यानं देतो म्हणाले. बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ह्यांनी ती एका रद्दीवाल्याकडून जुन्या कंदिलाच्या बदल्यात घेतली होती, तुम्ही आता कंदील कुठून पाठवणार, असू द्या. दुसरीही पोचली की कळवा, म्हणजे झालं.

काकांनी नुसतंच, कशी दिसली हो, जुळवल्यावर, एवढं विचारलं.

“तुमची आली त्या दिवशी मी दोन्ही ह्यांच्या टेबलावर ठेवल्या,” बाई सावकाश म्हणाल्या. “त्या खाचेत खाच अशी बसली की केसाएवढी फट राहिली नाही. आणि मी आतल्या खोलीकडे तोंड करून ह्यांना हाक मारली. अहो, या लवकर, बघा. सवय हो. मग आठवलं.”

काकांनी मान वळवून पाहिलं. बायको घड्या घालायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

दुसरी अर्धी आली तेव्हा काकांना कामावरून सुट्टी होती. त्यांनी आधी बाईंना फोन करून पोचल्याचं सांगितलं, त्यात एक मिनिटही उशीर केला नाही. मग त्यातल्या त्यात मोठी काच धुऊन पुसून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर दोन्ही अर्ध्या मांडल्या, मध्ये बोटभर अंतर ठेवून. ऊन थेट काचेवर आलं होतं. एक बोट पुढे सरकवायचा अवकाश. काकांनी बोट ठेवलं आणि उचललं.

“अगं, ये लवकर,” त्यांनी हाक मारली. “बघ.”

आतून आवाज आला, “थांबा, हात ओले आहेत.” काका थांबले. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं, मग चपलांचा आवाज. ती पदराला हात पुसत आली, शेजारी उभी राहिली आणि काय आहे म्हणून वाकली. तेव्हा काकांनी डावी अर्धी सरकवली.

खाचेत खाच बसली. अर्धी सही पुढच्या अर्ध्या सहीला जाऊन मिळाली आणि तिथे एका माणसाचं अख्खं नाव उमटलं. काकांनी वरून दुसरी काच ठेवून ती जोडी दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरली, तशा कागदाच्या पोटातल्या नागमोडी रेघा या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठे न अडता, वाहत गेल्या. मधल्या सगळ्या वर्षांत काही घडलंच नव्हतं जणू.

बायको आणखी जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “केवढी मोठी आहे हो ही.”

काका तिच्याकडेच बघत राहिले. त्यांनी हाक मारली होती, आणि ती आली होती.