कमरेला पक्कड

लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपपुढे बसण्याआधी मी रोज नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावच्या कालव्याकाठी चालायला जायचो. तिथे एक डच शेतकरी गुरं घेऊन भेटायचा. वय सत्तरीचं. तरुणपणी तो टेक्सासच्या एका रँचवर काउबॉय होता, हे कळल्यावर मी लगेच पिस्तुलाचं विचारलं. त्याने कमरेची पक्कड काढून दाखवली. "हे आमचं पिस्तूल. निम्मी नोकरी कुंपणाच्या तारा आवळण्यात गेली." बोलतानाही नजर माझ्याकडे नाही, कळपाकडे. एकदा मी टाळ्या वाजवत एका गाईला पुढे हाकललं, तर केवढा चिडला! "कळप सगळ्यात हळू जनावराच्या चालीनं चालतो. घाई केलीस तर सगळी बिथरतील."

मग महिनाभर तो दिसलाच नाही. कोरोनाने हॉस्पिटलात आहे, असं त्याच्या मुलीकडून कळलं. परत आला तो पार खंगून. दहा पावलं चालायचा, काठीवर रेलून श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं. त्या दिवशी गुरं नव्या कुरणात न्यायची होती आणि तिथलं फाटक अजून बरंच लांब होतं.

"तुम्ही बसा, मी नेतो ना," मी म्हणालो.

"कळप कसा चालतो?"

"सगळ्यात हळू जनावराच्या चालीनं."

"मग? आज ते जनावर मी आहे."

खिशात फोन थरथरत होता. माझी मीटिंग सुरू झाली होती. मी फोन बंद केला आणि दीड मीटर अंतर सोडून त्याच्या मागे निघालो. दहा पावलं चाललो आणि थांबलो. पुढे गाईही थांबल्या होत्या.