लाल दोऱ्यातलं नाव

कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एक तर कात्री तिच्या हातातून सुटत नसे, आणि दुसरं कारण तिची जीभ. कंबर सैल करून द्या म्हणत कुणी आलं, की ती आधी विचारायची, "कंबर वाढवू, की तुम्ही जेवण आवरताय?" गिऱ्हाइकं हसत आणि पुन्हा तिच्याकडेच येत. हे नाव तिला मनापासून आवडे. ते तिने स्वतःच्या गुणांवर कमावलं होतं, आणि तिच्याआधी ते कुणी वापरलेलं नव्हतं.

खरं नाव विचारलं की मात्र कपाळाला आठी. लग्न झाल्या झाल्या तिने नवऱ्याला बजावलं होतं, "अगं म्हणा, ऐकतेस का म्हणा, नाहीतर भांडं आपटा, पण त्या नावाने हाक मारू नका." बिचाऱ्याने शेवटपर्यंत 'अगं'वर भागवलं.

अशा बाईची लेक बाळंत झाली, मुलगी झाली, आणि घरात नावाचा घोळ सुरू झाला. जावई शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला जुन्या नावांचं वेड लागलं होतं. हल्ली टूमच निघाली आहे ना तशी! ज्या नावांवरून वर्गात पोरींना रडवलं, तीच नावं आता लोकांना भारदस्त वाटू लागली. जावयाने आपल्या पणजीचं नाव उकरून काढलं. चांगलं पाच अक्षरी.

"हाक मारून होईपर्यंत पोर रस्ता ओलांडून पलीकडे जाईल," कात्रीबाई म्हणाली.

रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा खोलीत दोरीवर लंगोट वाळत होते, लेक पलंगावर बसली होती आणि बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत कात्रीबाईची म्हातारी आई, मांडीवर पिशवी घट्ट धरून. कान अजून शाबूत, डोळेही. बोलणं मात्र तिने कधीच कमी केलं होतं.

"पणजीचं नाव बाद," लेक हसत म्हणाली. "आमचं ठरलंय. आई, आम्ही तुझंच नाव ठेवतोय. काय गोड जुनं नाव आहे! तुला उगाच आवडत नाही."

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या जिवंतपणी हे व्हायचं नाही. सांगून ठेवते."

"अहो आई, आम्ही तुमचा मान म्हणून—" जावई चाचरला.

"चुलीत घाला तो मान!"

लेकीचे डोळे भरले. "एवढं काय झालं गं? जगात आयांना आनंद होतो, आणि तू..."

लेकीचंही चूक नव्हतं. तिला सांगितलं होतं कुणी? कात्रीबाईच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती. तीन वर्षांची होऊन तापात गेली. मग ही जन्मली, आणि हिला तेच नाव दिलं. ते लोक तेव्हा एका कारखान्याच्या वसाहतीत राहायचे. आख्ख्या इमारतीचे कपडे एकाच धुलाईखान्यात जायचे, म्हणून प्रत्येक कपड्याच्या गळ्याशी आतून लाल दोऱ्याने नाव भरलेलं असायचं. नाव तेच ठेवलं, त्यामुळे थोरलीचे फ्रॉक हिला तसेच्या तसे झाले. एक टाका बदलावा लागला नाही. शेजारणींनी वर कौतुक केलं, काय काटकसरी बाई आहे म्हणून.

फ्रॉकचं काही नाही, ते आखूड होतात. पण आईने हाक मारली की हिने धावत जायचं, आणि आईने हिच्या मागे बघायचं, अजून कुणीतरी यायचं असल्यासारखं. हिने गाणं म्हटलं की आईचं सुरू, ती किती गोड म्हणायची. हिने भात सांडला की, ती कधी सांडत नव्हती. मेलेलं पोर काही सांडत नाही! त्याच्याशी बरोबरी कोण करणार? कात्रीबाईने बालपणभर प्रयत्न केला, हरली, आणि त्या दिवसापासून जी चिडली ती चिडलीच.

हे सगळं तिने त्या खोलीत, आईच्या देखत, भडाभडा सांगून टाकलं. "उसवून पुन्हा शिवलेल्या कापडावर जुन्या सुईची भोकं राहतात," ती म्हणाली. "इस्त्री फिरवा, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा, ती जात नाहीत. या पोरीला कोरं काहीतरी द्या."

मग म्हातारीने पिशवीत हात घातला आणि एक झबलं बाहेर काढलं. पिवळं पडलेलं, मऊ. पणतीसाठी आणलं होतं. गळ्याशी आतून लाल दोऱ्यात तेच नाव.

"बघा! बघा!" कात्रीबाई कडाडली. "अजून जपून ठेवलंय! तिसरी येणार होती ना घालायला!" तिने झबलं हिसकावून घेतलं. भिरकावणारच होती, पण सवयीने नजर टाक्यांवर गेली आणि तिथेच थांबली. पहिल्या अक्षराचा लाल रंग वेगळा होता. ते अक्षर एकदा उसवून, त्याच भोकांतून पुन्हा भरलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच," म्हातारी म्हणाली. "तू पोटात होतीस. म्हटलं, नव्या लेकराला कोरा कपडा हवा, म्हणून उसवायला बसले. एक अक्षर निघालं, आणि वाटलं, मीच तिला पुन्हा मारतेय. परत भरून टाकलं. मग कपड्यांवर नाव होतंच... तुलाही तेच ठेवलं."

"म्हणजे तुझ्याच्याने चार टाके उसवले नाहीत, म्हणून मी जन्मभर तिचं नाव घालून फिरले?" कात्रीबाईचा आवाज चिरका झाला. "आई, मी दुसरी होते गं! तुझ्याच पोटची, पण दुसरी!"

म्हातारीने मान खाली घातली. बाकी काय करणार? कात्रीबाईला तिची दया आली नाही. अजिबात नाही. तिने पर्समधली छोटी कात्री काढली, पलंगाच्या कडेला बसली आणि झबलं उलटं केलं. राग कितीही असो, तिचा हात कधी हलत नसे. एकेक टाका उचलायचा, कापायचा, ओढायचा. पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं. म्हातारी बघत होती, पण थांब म्हणाली नाही. शेवटचं अक्षर निघत असताना तिने नुसता तळहात पुढे केला.

कात्रीबाईने दोऱ्याचे लाल तुकडे गोळा केले आणि त्या हातावर ठेवले. म्हातारीने मूठ मिटली.

"मग नाव काय ठेवायचं?" लेकीने हळूच विचारलं.

"जुनं ठेवा, नवं ठेवा, पाच अक्षरी ठेवा. पण ज्या नावाने हाक मारली की तुम्हाला हीच दिसेल, असं ठेवा. आणि ते झबलं घालू नका तिला. मी नवं शिवून आणते."

जावयाने मुकाट्याने मान डोलावली. पणजीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

कात्रीबाई कात्री पुसून पर्समध्ये ठेवत होती. खिडकीजवळून म्हातारीचा आवाज आला.

"कात्री, पाणी दे गं थोडं."

कात्रीबाईने झटकन वर पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती, तिच्या मागे नाही. कात्रीबाईचा राग काही गेला नव्हता. ती रागातच उठली, आणि पेला काठोकाठ भरून घेऊन आली.