एकोणीस पट्टे

तिसऱ्या चढावर वहिनींनी एक चप्पल काढून टाचेचा फोड पाहिला आणि देवाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. दिरांनी एका दमात चार दिवसांचं उरकून घेतलं होतं.

"भाऊजी, अजून किती?"

"पोचलोच."

"हे तुम्ही पहिल्या चढावरही म्हणालात."

"तेव्हाही पोचतच होतो, वहिनी!"

भाऊजी गेली तीस वर्षं यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीतून जर्मनमध्ये आणतात. उमेदीच्या काळात त्यांनी एकदा घरबसल्या स्प्रिंगचं भाषांतर केलं, आणि 'खडखडाट झाल्यास वसंत ऋतू बदलून घ्यावा' असं छापून परदेशी गेलं. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून ताकही फुंकून पितात. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. लग्नाच्या वर्षी वहिनींचं शिवणयंत्र त्यांनी असंच सुटं करून पाहिलं होतं. ते अजून पुरतं जुळलेलं नाही.

आज मात्र गळ्याशी आलं होतं. छापखान्याच्या मालकांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "चारला पुस्तिका हातात नसेल, तर ही आणि यापुढच्या सगळ्या कॉम्प्युटरकडे." सेहेचाळीस पानं छापखान्यात पोचली होती. फक्त 'बेल्ट' एकोणीस जागी कोरा होता. आपलं पट्टा म्हटलं की भागतं; जर्मन माणसाचा कमरेचा वेगळा, चाकांवर फिरणारा वेगळा आणि माणसाला पडू न देणारा आणखी वेगळा. यंत्राच्या कारखान्यात फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "काका, पट्टा म्हणजे पट्टा!" दुपारची बस नव्हती. भाऊजींनी कारखाना गाठायला छत्री उचलली, आणि त्यांना चक्कर आली तर धरायला कुणी असावं म्हणून वहिनी मागोमाग निघाल्या. चक्कर येण्याचा मान आता कोणाकडे जाईल ते सांगता येत नव्हतं.

कारखान्यात पोचले तेव्हा तीन वाजले होते. पिशव्या भरायचं ते माडीएवढं यंत्र खोक्यात बंद होऊन, वर खिळे ठोकून, ट्रकची वाट पाहत होतं.

"उघडायचं नाही," फोरमन म्हणाला.

भाऊजींचा चेहरा पडला. वहिनींना पाहवेना. "अहो, हे रोज चालवून बघतो कोण? त्यालाच करून दाखवू द्या की!"

फिटर आला. हातात पॅकिंगची दोरी. पण दोरी फिरवायला चाकं हवीत. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"मी?"

"दोन मुठी पुढे करायच्या फक्त," भाऊजी अजिजीने म्हणाले.

वहिनी स्टुलावर बसून यंत्र झाल्या. भाऊजी वाक्य वाचत, फिटर ते करून दाखवी. पान बारा, पट्टा ताणावा. दोरी ताणली, यंत्र ओरडलं. पान अठरा, पट्ट्यावरची धूळ झटकावी. यंत्राला गुदगुल्या झाल्या. पॅकिंगवाले काम सोडून गोळा झाले. फोरमनही हसायला लागला.

"पान एकतीस. वर जाण्याआधी पट्टा तपासावा. हा चाकांचाच, उघड आहे," म्हणत भाऊजींनी पेन टेकवलं.

"थांबा काका." फिटरने दोरी वहिनींच्या मुठीतून काढून स्वतःच्या कमरेला बांधली, भिंतीच्या शिडीवर चार पायऱ्या चढला आणि टोक पायरीला अडकवलं. "वर जाण्याआधी मी हा तपासतो. गेल्या वर्षी पाय सटकला, ह्यानंच धरलं."

हसणं थांबलं. भाऊजींनी पेन उचललं. कुठल्या तरी दूर देशात शिडी चढणारा एक अनोळखी माणूस वहिनींच्या डोळ्यांपुढे आला. देवा, तूच चालवलंस रे, त्या मनात म्हणाल्या आणि टाच विसरल्या.

हिशेब लागला, बारा चाकांचे, सात माणसाला पडू न देणारे. चारला दहा कमी असताना भाऊजींनी मालकांना एकोणीसही शब्द पानवार फोनवर सांगितले.

"कॉम्प्युटरनं दोन मिनिटांत केलंय," मालक गुरगुरले.

"काय घातलंय?"

कागद चाळल्याचा आवाज. "एकोणीसही ठिकाणी कमरेचा, पँटवरचा."

"चाकांनाही?"

कागद चुरगाळल्याचा आवाज. मग, "सोमवारी पुढची पाठवतो."

परतताना ट्रकवाल्याने दोघांना पुढे बसवलं. उतार लागला तसे भाऊजी घसा खाकरत म्हणाले, "वहिनी, एक विनंती होती."

"बोला."

"फिटर सांगत होता, सोमवारच्या यंत्राला सहा चाकं आहेत. दादाला आणि सूनबाईंना तुम्हीच विचाराल का?"