चौथ्या खुर्चीची चिठ्ठी

दुपारचे अडीच वाजलेत. सुमित्राबाई घेवारे जेवून कॉटवर आडव्या होतात, तेही झोपायचं नाही असं स्वतःला बजावून. मिरजेच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या बाईला दुपारची झोप म्हणजे चक्क गुन्हा वाटतो. पाच मिनिटं पाठ टेकायची, बस्स. पाच वाजता संघटनेचा उपळेकर टिपण न्यायला येणार आहे.

मल्लखांब ऑलिम्पिकमध्ये जावा म्हणून संघटना कागदपत्रं पाठवते आहे, आणि गुण कसे देतात हे समजावून सांगायचं काम बाईंकडे आलंय. सगळं लिहून झालंय, शेवटच्या ओळीखाली सही तेवढी राहिली आहे. ती ओळ अशी: 'पाच पंचांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असा एकेक गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात, त्यामुळे या पद्धतीत पक्षपाताला वाव राहत नाही.' चार दिवस झाले, त्या पेन उघडतात आणि मिटतात.

उशाशी दाबके सरांची फाइल आहे. बाईंना आधी दोरावरचा मल्लखांब आणि मग पंचगिरी शिकवणारे दाबके सर जाऊन अकरा वर्षं झाली. सरांच्या पत्नीने, काकूंनी, ती फाइल "तुलाच उपयोग होईल" म्हणून दिली, आणि तेव्हापासून ती कपाटात पडून होती. जुने नियम सापडतील म्हणून बाईंनी परवा बाहेर काढली, पण नाडीची गाठ सोडवायला हात धजावला नाही. आता त्या पंख्याची पाती मोजतात. तीन. पुन्हा मोजतात. चार. पंखा थांबतो, आणि त्याच्या आकड्याला दोर लटकत असतो, सुती, अंगठ्याएवढा जाड.

कॉटच्या पायथ्याशी सर बसले आहेत. पांढरी हाफ पँट, गळ्यात शिट्टी.

"सही केलीस?" सर विचारतात.

"करतेच आहे सर. पाच वाजता माणूस येईल."

"काय गं, तिथे घेतील का आपल्याला?"

"का नाही घेणार? परवा तर जमिनीवर डोकं टेकून गिरक्या घेणारा नाचसुद्धा घेतला होता त्यांनी."

"पाहिला मी. आता मला काय, वेळच वेळ." सर हसतात. "घोडाही नाचतो तिथे, आणि पाच-सात शहाणे बसून त्याला गुण देतात. आपली रस्सीखेच मात्र होती ती काढून टाकली. रस्सीखेचीत काय वाईट होतं? खूण ओलांडली की हरलास. कुणाला विचारायला नको."

"म्हणजे सर, ज्याला पंच लागतो तो खेळच नाही?"

"धावणाऱ्याला घड्याळ आहे. लांब उडीला टेप आहे. कुस्तीत पाठ लागली की लागली. आपल्याकडे काय आहे सुमित्रा? नजर. आणि नजरेला मन चिकटलेलं असतं, ते कुठे काढून ठेवणार?"

"म्हणून तर पाच पंच असतात. वरचा काढायचा, खालचा काढायचा. तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं," सर म्हणतात, आणि हसत नाहीत.

बाईंना उठायचं असतं. गुडघे हलत नाहीत, कारण त्या पाचवीच्या वर्गातल्या बाकावर बसल्या आहेत आणि साठी उलटलेले गुडघे त्या एवढ्याशा फटीत अडकलेत. समोर फळा आहे, फळ्यावर पाच चौकोन. दोर वर्गाच्या छपरातून खाली आला आहे आणि दोरावर, खूप उंच, पद्मासन घालून संजीवनी माळवदे बसली आहे. सतरा वर्षांची, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या.

"बाई, उतरू?" ती विचारते.

"उतर की."

"गुण आल्याशिवाय उतरता येत नाही ना बाई."

असा काही नियम नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ आहे. पण त्या बोलायला जातात तेव्हा आवाज फुटत नाही, आणि हातातलं स्टॉपवॉच नव्वद सेकंदांवर येऊन तिथेच थरथरत राहतं. पोरीच्या पायाच्या अंगठ्याशी दोर काचलाय, तांबडा वळ इथून दिसतो आहे.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस बाईंच्या पाठीवर बसलेला आहे, उतरायचं नाव घेत नाही. राज्याच्या संघासाठी जिल्ह्यातून सहा मुली निवडायच्या होत्या. बाई दुसऱ्या खुर्चीवर पंच. चौथ्या खुर्चीचे पंच आलेच नाहीत, म्हणून आयत्या वेळी दाबके सरांना बसवलं. झालं, कुजबुज सुरू. मुलगी सरांच्या तालमीतली, दुसऱ्या खुर्चीवर सरांचीच शिष्या, चौथीवर खुद्द सर. आता संजीवनीची निवड कोण अडवणार? ते ऐकून बाईंचे कान तापले. आयुष्यभर नाकासमोर चाललेली बाई ती. त्यांनी मनात हिशेब केला: सर आपल्या पोरीला तिच्या हक्काचे गुण देणारच. आपण मुद्दाम कमी देऊ. सगळ्यांत कमी म्हणून आपला आकडा वगळला जाईल, पोरीचं काही बिघडणार नाही, आणि आपल्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. पावणेनऊ गुणांच्या लायकीच्या पोरीला त्यांनी चिठ्ठीवर आठ पूर्णांक दहा लिहिले.

सरासरी आली आठ अठ्ठेचाळीस. सहाव्या मुलीची आठ पन्नास. संजीवनी सातवी आली. निवड झाली नाही तर खेळ बंद, असं तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने परत कधी दोर धरला नाही. आज ती दोन गल्ल्या सोडून साड्यांना फॉल लावून देते, आणि ती दिसली की सुमित्राबाई रस्ता बदलतात.

"बाई," वरून आवाज येतो, "पाय बधिर झालेत."

बाई चिठ्ठी घेतात आणि आठ सत्तर लिहितात. कागदावर आठ दहा उमटतं. दुसरी चिठ्ठी घेतात, ठळक अक्षरात आठ सत्तर गिरवतात, पुन्हा आठ दहा. ओट्यावर चिठ्ठ्यांचा ढीग होतो, कारण आता हे त्यांचं स्वयंपाकघर आहे. भांड्यांच्या रॅकसमोर पाच खुर्च्या मांडल्यात. दोर मोरीच्या वरून खाली सुटला आहे, दाराला कडी आहे आणि ती बाहेरून लावलेली आहे. खिडकीला गज आहेत. हे गज तर गेल्या दिवाळीत बाईंनीच बसवून घेतले.

"सर, दार उघडा! पोरगी पडेल!"

"मी पण आतच आहे गं," चौथ्या खुर्चीवरून सर म्हणतात.

बाई रडायला लागतात. इतकी वर्षं सरांसमोर जे बोलल्या नाहीत ते भडभडा बाहेर येतं. "मीच ते सर. दुसऱ्या खुर्चीवरचा कमी गुण माझा होता. मला वाटलं, तो वगळला जाईल. तुम्ही नीट द्याल, बाकीचे नीट देतील, माझा एकटीचाच कमी असेल. पण आणखी कुणीतरी कमी दिला सर. दोन खालचे आले तर एकच वगळला जातो, दुसरा राहतो. माझा राहिला की त्याचा, काय फरक पडतो? त्या पाचव्या खुर्चीवरच्या पाहुण्या पंचाला मी इतकी वर्षं शिव्या घालते आहे. त्याला आपल्या पोरीशी काय वैर होतं, सांगा ना."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहतात. संजीवनी वरून पाहते. नळातून एक थेंब पडतो, मग दुसरा.

"त्या माणसाने आठ सत्तर दिले होते," सर म्हणतात. "चांगला माणूस होता बिचारा."

"मग कुणी?"

"मी म्हटलं, सुमित्रा दुसऱ्या खुर्चीवर आहे. ती पोरीला तिचं माप बरोबर घालेल. माझं नाव झालेलं, मी कशाला लोकांच्या तोंडी येऊ? मी कमी देतो, तो वगळला जाईल." सर शिट्टी गळ्यातून काढून ओट्यावर ठेवतात. "आठ दहा. तुझाच आकडा. शिकवलं कुणी तुला?"

म्हणजे पक्षपात कुणीच केला नव्हता. दोघांनीही स्वतःची अब्रू सांभाळली होती, एकमेकांच्या भरवशावर, आणि मधल्यामध्ये पोरगी लटकली.

"तुम्ही तिला सांगितलंत का नाही सर?"

"सोळा वर्षं रोज सांगणार होतो. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि तंबाखू घेऊन परत यायचो. मग एक दिवस संपलोच."

"बाई, सर," संजीवनी म्हणते, "मी सोडू का हात?"

"थांब!" बाई ओरडतात. खुर्ची सुटत नाही, तरी खुर्चीसकट उठतात, दोराकडे हात लांबवतात, आणि बोटांना सुती पीळ लागतो, उबदार, घामाने ओला.

पंख्याला तीनच पाती आहेत. घड्याळात साडेचार. मान घामाने भिजली आहे आणि बाईंची उजवी मूठ इतकी घट्ट मिटली आहे की ती डाव्या हाताने सोडवावी लागते.

उशाशी फाइल उघडी पडली आहे. नाडीची गाठ कधी सोडली ते त्यांना आठवत नाही. झोपेत हात गेला असेल. मुठीत एक कागद आहे, पिवळा, चौकोनी. अशा चिठ्ठ्या स्पर्धा संपली की फाडून टाकायच्या असतात. ही कुणीतरी जपून ठेवली होती. खुर्ची क्रमांक चार. संजीवनी माळवदे. आठ पूर्णांक दहा. खाली सरांची सही, दाबकेमधल्या 'द'ला लांब शेपूट असलेली.

बाई ती चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ करतात. मग टिपणाचं शेवटचं पान घेतात आणि 'वाव राहत नाही' ही ओळ पट्टी लावून खोडतात. सही करत नाहीत. उपळेकरसाठी शेजारच्या काकूंकडे निरोप ठेवतात, की जरा बस, मी येतेच.

मग चपला घालतात आणि दोन गल्ल्या पलीकडे निघतात. हातात चिठ्ठी एकच आहे, सरांची. दुसरी तोंडाने सांगायची आहे.