मंगरूळपीरच्या गादीवाल्या भावांचा न निघालेला फोटो

सगळ्यात पहिले आली ते मंगरूळपीरची अम्मा. आमच्या फोटोवाल्या मंडळीतलं अजून कोणीच नव्हतं आलं. माहे केस ओले, पोह्याचा कांदा अर्धा चिरलेला, अन् दारात अम्मा उभी. मागं तिचा मोठा लेक रफीक, त्याच्या काखेत कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी. शेजारची सुमन गच्चीवरून वाकून पाहून राह्यली होती, तिले वाटलं कोणाची सोयरीक आली. मले मात्र उभ्याउभ्या घाम फुटला. काहून, थे समजायले आधी आमच्या मंगरूळपीरच्या फेरीचं सांगावं लागंन.

मी वाशिमची, चौथी शिकलेली आजी. मी बोलते, नात टाईप करते. आमच्या यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नात नवरीच्या खोलीत माणसाले जाऊ देत नसत, म्हणून हे मले संग नेत. आतले फोटो मी काढो. हे गेले, स्टुडिओ गेला, कॅमेरा राह्यला. नातीनं त्यात रोल टाकून देला अन् म्हणे, आजी, लोक आता पुन्हा रोलवर फोटो काढून राह्यले, वाशिमात त्यायचा ग्रुप आहे. तवापासून मी ग्रुपात. भांड्याच्या दुकानाचे पारसभाऊ, शाळेतल्या वैशाली मॅडम, अन् आणखी दोघं-तिघं. कुठंतरी जातो, फोटो धुऊन आले की एका रविवारी माह्या घरी पलंगावर मांडून पाहतो. फेरीचं लिहायची पाळी ह्या बारीले माही आली, अन् नेमकी ह्याच बारीले.

थंडी नुकतीच पडली होती. कोणाले जायचं असंन तं सकाळची एसटी धरा, आमाले बायाले अर्धंच तिकीट लागते. खिडकी डाव्या अंगाची पकडा, उजव्या अंगानं ऊन डोळ्यात येते. दोन्हीकडं तूर उभी, कापूस वेचणाऱ्या बाया, धुकं असं खाली बसलेलं की बैलाचे पायच दिसत नव्हते. पारसभाऊ म्हणे, आजी, काचेतून नका काढू, रोल वाया जाते. मी काढलाच. वायाच गेला.

शेलूबाजारले उतरलो. तिथं गरम आलुबोंडा अन् वरून कढी, हे चुकवू नका, पण पदर सांभाळा. जीपवाल्यांची बोंब चालू होती, "मंगरूळ, मंगरूळ, एक सीट, एक सीट."

पारसभाऊ म्हणे, "एक सीट म्हणता, अन् आमी पाच."

"बसा ना शेठ, सीट वाढते."

वाढली. वैशाली मॅडम माह्या मांडीवर, अन् माहा गुडघा गेअरपाशी. ड्रायव्हर दर बारीले म्हणे, "आजी, जरा पाय, तिसरा टाकतो." मी इतकी हासली की त्याचेच तीन फोटो काढले. रोलात छत्तीस येतात, अन् एका रोलाचे आता सात-आठशे घेतात, धुवायचे निराळे. मी तं मोबाईल असल्यावाणी काढत सुटली होती. मंगरूळपीरले पोचलो तवा कॅमेऱ्यात दोन फोटो शिल्लक. ते मी दर्ग्यावरच्या संध्याकाळच्या उन्हासाठी राखून ठेवले, अन् दिवसभर त्यायले असं जपलं की कोणी बोट लावू नये.

दुपारी बाजारात हिंडता हिंडता गादीवाल्यांच्या गल्लीत शिरलो. थंडीचे दिवस, रजयांचा सीझन. पिंजायची मशीन घरघरत होती, अन् कापसाचा भुगा हवेत, माणसांच्या भुवयांवर, चहाच्या कपात. एकाले लागून एक दोन दुकानं, मधात नुसता पत्रा. एकीकडं रफीक पिंजते, दुसरीकडं धाकटा सलीम गाद्या शिवते. अन् पत्र्याच्या नेमकं समोर, ना ह्याच्याकडं ना त्याच्याकडं, बाज टाकून त्यायची अम्मा बसलेली.

"इथं मधातच कायले बसल्या?" मी विचारलं.

"इकडं सरकलं तं तिकडचा फुगते, तिकडं सरकलं तं इकडचा," अम्मा म्हणे. "तीन साल झाले बाई, एकमेकाशी बोलत नाई. बाप गेला, दुकानाचा वाटा झाला, अन् जीभ बी वाटून घेतली. तुमचा हा मोठा कॅमेरा हाय, दोघायचा एक फोटो काढून देता का? कागदाचा. मोबाईलमधला फोटो कोण पाहते, पोट्टे मिटवून टाकतात."

झालं. माह्या अंगात नवरीच्या खोलीतली फोटोवाली आली.

"सलीमभाऊ, या इकडं. रफीकभाऊ, मशीन बंद करा. ह्या कापसाच्या गठ्ठ्यावर बसा दोघं."

सलीम येऊन पार काठावर टेकला. म्हणे, "मावशी, मी इथून दिसतो."

"नाई दिसत. निम्मा कटून राह्यला."

रफीक समोर पाहत म्हणे, "निम्माच बरा आहे थो."

"अन् तुह्यं पोट पुरं यायले दुसरा रोल लागंन," सलीमनं फेकलं.

सारी गल्ली हासली. अम्मा तोंडाले पदर लावून हासली. मी म्हटलं, "सरका रे, काटे हायेत काय त्याले?" अन् सरकले. खांद्याले खांदा लागला. रफीकनं सलीमच्या भुवईवरचा कापूस काढून टाकला, मुद्दाम नाई, हात गेला म्हणून.

अन् तवाच मले ते दोन फोटो आठवले. दर्गा, संध्याकाळ.

आमच्या धंद्यात कोरडा फ्लॅश म्हणून एक चीज असे. लग्नात दूरदूरचे पाहुणे कोट घालून उभे राहत, आमचापण काढा म्हणत. रोल पुरे नाई. मंग फ्लॅशच्या मागचं लाल बटण दाबायचं. लख्ख उजेड पडते, कॅमेरा काईच काढत नाई. पाहुणा खूश. एवढ्या गर्दीत नंतर विचारायले कोणी येत नसे. माह्या बोटानं ते बटण आपसूक शोधलं. लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "मस्त आला." अन् तोंडाची सवय पहा, पुढं म्हटलं, "या रविवारी वाशिमले, घरी या, फोटो घेऊन जा."

अम्मानं पत्ता रफीकच्या मोबाईलमध्ये टाकून घेतला, तरी मले काई वाटलं नाई. संध्याकाळी दर्ग्यावर विचारून दोन्ही फोटो काढले, पेढे घेतले, एसटीत गाणे म्हणत परत आलो.

आता पहा, दारात अम्मा. रफीकनं काखेतलं सोडलं, तं नवी उशी. "अम्मानं स्वतः भरली, मावशी, तुमच्यासाठी. पहिल्या वेचणीचा कापूस हाय."

मी पोहे करायले म्हणून आत पळाली. आतूनच म्हटलं, "फोटो धुऊन आले का नाई, कोणाले माहीत." तेवढ्यात पारसभाऊ पाकिटं घेऊन हजर. सारे जमले, पलंगावर फोटो मांडले. माहा दर्गा असा निघाला होता, भिंतीवर पिवळं ऊन, पायरीवर एकच चप्पल. वैशाली मॅडम म्हणे, आजी, हा मोठा करून लावा. अम्मानं पण हातात घेतला, लांब धरून पाह्यला, म्हणे, "सुबहानल्ला." मले तो तिच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला.

मंग अम्मा एकएक फोटो उलटू लागली. सावकाश, पोळी उलटावी तशी. वैशाली मॅडमनं काढलेला गल्लीतला एक फोटो सापडला. त्यात माही पाठ, अंबाडा, फ्लॅशचा पांढरा डाग, अन् माह्या एका अंगानं रफीकचा गुडघा, दुसऱ्या अंगानं सलीमचा कान. सारे हासले.

रफीक म्हणे, "मावशी, ह्यात तुमीच तुमी. आमचा फोटो दाखवा ना आता."

पारसभाऊनं माही निगेटिव्ह खिडकीपाशी धरली. "जीपवाला, जीपवाला, जीपवाला, मंग थेट दर्गा. आजी, मधात काईच नाई." बिचाऱ्यानं सांभाळून घेतलं, "कधी कधी अटकते मशीन."

मी हो म्हटलं असतं तं निभलं असतं. पण उशी समोर होती. मी सांगून टाकलं. लाल बटण, कोरडा फ्लॅश, दोन फोटो, सारं. खाली पाहूनच सांगितलं.

रफीक पहिले बोलला. "म्हणजे माह्या लग्नात माहे सासरे कोट घालून तासभर उभे होते, ते बी असंच काय? त्यायचा एक फोटो नाई आला." कोणीतरी फिसकन हासलं. मले तं धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अम्मा रागावली नाई. रागावली असती तं बरं झालं असतं. म्हणे, "फोटोचं नाई बाई. त्या दिवशी थे बसले. मी तीन साल सांगून राह्यली, बसत नाई. तुमी परकी बाई, एका बोलात बसवलं. घरी आल्यावर दोघं भांडले, फोटो कोणाच्या भिंतीले लावायचा म्हणून. मी खूश झाली. भांडले तं बोलले ना. सलीमनं पत्र्यात खिळाबी ठोकून ठेवला."

मी म्हटलं, "मी उद्याच येते कॅमेरा घेऊन."

"नाई," अम्मा म्हणे. "तिथं ह्याचं दुकान, त्याचं दुकान. इथं कोणाचं काई नाई. आमीच येऊ. तिघं येऊ."

रफीक चपला घालून राह्यला होता. म्हणे, "सलीमले कोण सांगंन?"

"तूच सांगशीन. बाजूलेच तं हाय."

रफीक पायरी उतरला, अम्माले हात देला, अन् वळून मले विचारलं, "मावशी, ह्या बारीले रोल असंन ना?"

मी नवा रोल घेतला आहे, कॅमेऱ्यात टाकला आहे, पहिल्या फोटोवर आणून ठेवला आहे. दर्ग्याचा फोटो पाकिटात घालून ठेवला, मोठा नाई करत. उशी कपाटावर आहे. तिच्यावर डोकं टेकवायची हिंमत नाई झाली अजून.

जाता जाता शुक्रवारी येतो म्हणाले, जुम्म्याची नमाज झाली की.